डासांची ओळख आणि आपले आरोग्य

पावसाळा सरत आला की कोकणात घरोघरी तापाचा विषय निघतो. कुणी त्यास हवाबदलाचा ताप म्हणतो, कुणी पाणी बाधले असे म्हणतो, तर कुणी 'यंदा डास फार झाले' एवढे बोलून ग्रामपंचायतीकडून धूरफवारणी होण्याची वाट पाहतो. या बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती म्हणजे, सगळे डास सारखेच. वस्तुस्थिती तशी नाही. जगात डासांच्या साडेतीन हजारांच्या आसपास जाती असून भारतात सुमारे चारशे जाती आढळतात. त्यांपैकी मोजक्याच जाती माणसास रोग देतात. त्यांतही प्रत्येक जातीचे अंडी घालण्याचे पाणी वेगळे, चावण्याची वेळ वेगळी आणि तिच्यामार्फत येणारा रोगही वेगळा असतो. ही ओळख नसेल तर आपले श्रम व पैसा चुकीच्या जागी खर्च होतो आणि रोग घरात शिरायचा तो शिरतोच.

सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरील मिठबाव हे देवगड तालुक्यातील गाव डोळ्यांसमोर ठेवून आपण ही ओळख करून घेऊ. मालवणी बोलीत 'बाव' म्हणजे विहीर. हा शब्द ज्या गावाच्या नावातच ऐकू येतो, तेथून पाण्याचा आणि डासांचा विचार सुरू करणे योग्यच ठरेल.

एका गावातील अनेक पाणसाठे

मिठबावसारख्या गावात समुद्र आहे, खाडी आहे, भाताचे मळे आहेत, माडा-पोफळीच्या बागा आहेत आणि वर कातळसड्यावर हापूसची कलमे आहेत. घरोघरी विहीर आहे, गच्चीवर टाकी आहे, न्हाणीघराच्या मागे सांडपाण्याचे डबके आहे. जिल्ह्यात जागोजागी चिरेखाणी असून वापरात नसलेल्या खाणींत पावसाचे पाणी महिनोन् महिने साचून राहते. मासेमारी बंद असते तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात आणि त्यांवरील प्लास्टिकच्या कापडांच्या खळग्यांत पाणी साठते.

आपल्या दृष्टीने हे सारे पाणीच. परंतु डासाच्या मादीच्या दृष्टीने त्यांत फार मोठा फरक आहे. भरती-ओहोटीच्या लाटांत डास वाढत नाहीत. वाहत्या ओढ्यात जे वाढतात ते टाकीत वाढत नाहीत आणि गटारात वाढणारे स्वच्छ पिंपाकडे सहसा फिरकत नाहीत. म्हणून कोणता रोग कोठून येतो हे समजण्यासाठी प्रथम पाणी ओळखावे लागते.

डासाचे जीवनचक्र

डासाच्या चार अवस्था असतात: अंडे, अळी, कोष आणि पूर्ण वाढलेला डास. यांपैकी पहिल्या तीन अवस्था पाण्याशी बांधलेल्या असतात. आपल्याकडील उष्ण व दमट हवेत अंड्यापासून उडणारा डास तयार होण्यास साधारणपणे सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळावा असे आरोग्य खाते सांगते ते याच हिशेबाने. सात दिवसांच्या आत पाणी ओतून टाकले तर अळी डास होण्यापूर्वीच मरते.

माणसास चावते ती केवळ मादी. अंडी वाढवण्यासाठी तिला रक्तातील प्रथिनांची गरज असते. नर डास फुलांच्या व वनस्पतींच्या रसावर जगतो. मादी जन्मतः बहुधा निर्दोष असते. रोगी माणसाचे रक्त पिताना रोगजंतू तिच्या पोटात जातात, तेथे वाढतात आणि साधारण आठ ते चौदा दिवसांनी तिच्या लाळेत उतरतात. त्यानंतर ती ज्याला चावते त्यास रोग होतो. म्हणजेच घरातील तापाच्या रुग्णास डास चावू न देणे ही शेजाऱ्यांचीही काळजी घेणे होय.

ॲनोफेलिस आणि हिवताप

ॲनोफेलिस डास भिंतीवर बसला की त्याचे शरीर भिंतीशी कोन करून राहते, जणू कोणी खिळा तिरका ठोकला आहे. त्याची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी तरंगते. तो संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. ग्रामीण भारतात हिवताप पसरवणारी मुख्य जात ॲनोफेलिस क्युलिसिफेसीस ही असून ती डबकी, कालवे, शेते व खाणींतील साचलेले पाणी यांत वाढते. डोंगरपायथ्याच्या मंद वाहणाऱ्या स्वच्छ ओढ्यांत ॲनोफेलिस फ्लुव्हिएटिलिस ही जात असते. शहरांतील हिवतापास मुख्यत्वे ॲनोफेलिस स्टीफेन्सी कारणीभूत आहे. तिला विहिरी, गच्चीवरील टाक्या आणि बांधकामांवरील पाणी प्रिय असते.

हिवतापाचा परजीवी अल्फोन्स लाव्हराँ या फ्रेंच डॉक्टराने १८८० साली अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात पाहिला. तो माणसात कसा शिरतो हे मात्र कोडेच होते. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना हिवतापाच्या रुग्णाचे रक्त प्यालेल्या ॲनोफेलिस डासाच्या पोटात तो परजीवी आढळला. पुढच्याच वर्षी इटलीत जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रास्सी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाचा हिवताप ॲनोफेलिसच पसरवतो हे सिद्ध केले. २० ऑगस्ट हा दिवस आजही जागतिक डास दिन म्हणून पाळला जातो.

या रोगावरील पहिल्या परिणामकारक औषधाचा इतिहास आपल्या धर्मसभेशीही जोडलेला आहे. दक्षिण अमेरिकेतील सिंकोना झाडाची साल सतराव्या शतकात येशूसंघीयांनी पेरूतून रोमला आणली व तेथून ती युरोपभर पोहोचवली. म्हणूनच तिला 'जेझुइटांची साल' असे नाव पडले. त्या सालीतून १८२० साली क्विनीन वेगळे करण्यात आले.

स्टीफेन्सी डासाची गोष्ट मुंबई व गोव्याशी निगडित आहे. १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाची चौकशी करून घरोघरच्या विहिरी हे त्याचे मूळ असल्याचे दाखवून दिले. त्यानंतर विहिरी बुजवण्याची किंवा डास शिरणार नाही अशा रीतीने झाकण्याची मोहीम निघाली. विहिरीच्या पाण्याशी धार्मिक भावना जोडलेल्या असल्याने तिला विरोधही झाला. गोव्यात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पणजी परिसरात हिवतापाची साथ आली, तेव्हा बांधकामांवर साठवलेले पाणी व टाक्या यांत हाच डास सापडला. २०१२ साली तो आफ्रिकेतील जिबूती येथे आढळला आणि तेव्हापासून त्या खंडातील शहरांची चिंता वाढली आहे. सिंधुदुर्गातील अनेक कुटुंबे मुंबई व गोवा या दोहोंशी नोकरीधंद्याने बांधलेली आहेत. गणपतीस वा नाताळास घरी आलेला चाकरमानी रक्तात परजीवी घेऊन येऊ शकतो. गावच्या टाकीत ॲनोफेलिस वाढत असेल, तर तो एक रुग्ण पुढील साखळीस पुरेसा ठरतो.

१९४७ च्या सुमारास भारतात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मृत्यू होत. १९५३ साली राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९६५ पर्यंत रुग्णसंख्या लाखाच्या घरात आली. रोग गेला असे वाटून दक्षता सैल झाली. १९७६ साली रुग्णसंख्या पुन्हा चौसष्ट लाखांवर गेली. आज परिस्थिती पुष्कळ सुधारली असून २०३० पर्यंत हिवताप हद्दपार करण्याचे देशाचे उद्दिष्ट आहे. १९७६ चा धडा मात्र विसरता येत नाही.

एडिस: स्वच्छ पाण्यातील शत्रू

'आमच्या घरी घाण नाही, मग डेंग्यू कसा होईल?' हा प्रश्न अनेकदा ऐकू येतो. उत्तर असे की, डेंग्यूचा डास स्वच्छ पाणीच निवडतो. काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला एडिस डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी व सूर्यास्तापूर्वी. त्याच्या दोन जाती आपणास महत्त्वाच्या आहेत. एडिस इजिप्ती घरात राहतो. टांगलेल्या कपड्यांमागे, खाटेखाली व अंधाऱ्या कोपऱ्यांत विसावतो आणि पिंप, रांजण, टाकी, फ्रीजमागील ताटली यांत अंडी घालतो. एडिस अल्बोपिक्टस परसात व बागेत राहतो. नारळाच्या करवंट्या, पोफळीच्या गळून पडलेल्या विऱ्या, झाडांच्या ढोली, टाकून दिलेले टायर व डबे ही त्याची पैदासस्थाने आहेत. कोकणातील बागायतदाराच्या घरी या दोघांचीही सोय असते. आंब्याच्या फवारणीसाठी कलमांखाली ठेवलेले पिंप हंगाम संपल्यावर उघडेच राहिले, तर तेही त्यांत मोडते.

एडिसची मादी पाण्यात नव्हे, तर पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या ओल्या कडेला अंडी चिकटवते. ही अंडी कोरड्या अवस्थेत अनेक महिने टिकतात आणि पाणी लागताच फुटतात. म्हणून पिंप नुसते उपडे करणे पुरेसे नाही. त्याची आतली बाजू काथ्याने वा ब्रशने घासावी लागते.

हा डास डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका हे तिन्ही रोग पसरवतो. चिकुनगुनियाचा इतिहास महाराष्ट्रास बोधप्रद आहे. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे या रोगाची मोठी साथ आली. नंतर तो देशातून जवळजवळ दिसेनासा झाला. सुमारे बत्तीस वर्षांनी, २००५ च्या अखेरीस, तो परतला आणि २००६ साली देशात सुमारे चौदा लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. महाराष्ट्रही त्यात होरपळला. मधल्या काळात विषाणू नव्हता, पण एडिस होता आणि त्याचे पाणीही होते. 'चिकुनगुनिया' हे नाव टांझानियातील माकोंडे भाषेतून आले असून वाकवून टाकणारा असा त्याचा आशय आहे. ज्यांचे सांधे महिनोन् महिने दुखत राहिले त्यांना तो अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

झिकाचा महाराष्ट्रातील पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात बेलसर या गावी आढळला. २०२४ साली पुणे शहरातही अनेक रुग्ण सापडले. हा आजार बहुधा सौम्य असतो, परंतु गर्भवती स्त्रीस झाल्यास बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते.

क्युलेक्स आणि हत्तीरोग

रात्री कानाशी गुणगुणून झोप उडवणारा तपकिरी डास बहुधा क्युलेक्स असतो. तो भिंतीशी समांतर, कुबड काढून बसतो. त्याची अळी पाण्यात डोके खाली करून तिरकी लोंबकळते. क्युलेक्स क्विंक्वेफॅसिएटस या जातीस घाण पाणी लागते: तुंबलेली गटारे, न्हाणीचे डबके, संडासाची टाकी. तिच्यामार्फत हत्तीरोगाचे कृमी माणसात शिरतात. हत्तीरोगाचा इतिहास असलेल्या महाराष्ट्रातील जिल्ह्यांत सिंधुदुर्गाचीही गणना होते.

हत्तीरोगाचे प्रौढ कृमी लसिकावाहिन्यांत वर्षानुवर्षे राहतात आणि त्यांची सूक्ष्म पिल्ले रात्रीच्या वेळी रक्तात फिरतात. म्हणूनच आरोग्य कर्मचारी रक्ताचा नमुना घेण्यासाठी रात्री दारात येतात. त्यांना परत पाठवू नये. सूज येईपर्यंत रुग्णास काही जाणवतही नाही आणि एकदा पाय फुगला की तो पूर्ववत होणे कठीण असते. पाय रोज साबणाने धुऊन कोरडा ठेवणे, जखमांची काळजी घेणे आणि अंडवृद्धी असल्यास शस्त्रक्रिया करून घेणे, यांमुळे रुग्णाचे जिणे पुष्कळ सुसह्य होते. हत्तीरोग हा कुणाचा शाप नव्हे. रुग्णास समारंभांतून व प्रार्थनासभेतून दूर ठेवण्याचे काहीही कारण नाही.

भाताच्या मळ्यांत वाढणाऱ्या क्युलेक्सच्या दुसऱ्या काही जाती जपानी मेंदूज्वर पसरवतात. हा विषाणू बगळे, ढोकरी यांसारखे पाणपक्षी आणि डुकरे यांच्यात वाढतो व तेथून डासामार्फत माणसात येतो. शेजारच्या गोव्यात १९८० च्या दशकात याच्या साथी आल्या होत्या. डुकरे पाळणाऱ्या कुटुंबांनी त्यांचे गोठे राहत्या घरापासून व भातशेतीपासून दूर ठेवावेत. मुलास ताप, झटके किंवा गुंगी दिसल्यास त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

खाडीतील तिवरांमुळे डास होतात, म्हणून ती तोडावीत, असा एक समज आहे. खाऱ्या-निमखाऱ्या पाण्यात वाढणारे डास आहेत हे खरे. परंतु भरतीचे पाणी मोकळेपणाने येत-जात असेल तर तेथील मासे अळ्या फस्त करतात. भराव टाकून प्रवाह अडवला की मात्र डबकी साचतात. डेंग्यूचा डास तर तिवरांत नव्हे, आपल्या ओसरीवरच्या पिंपात जन्मतो.

ताप आला असता

सिंधुदुर्गात पावसाळ्यानंतरचा ताप अनेक प्रकारचा असू शकतो. लेप्टोस्पायरोसिस हा उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून व चिखलातून येतो. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात आढळलेला माकडताप गोचिडांमुळे होतो. या दोहोंचा डासांशी संबंध नाही. लक्षणे मात्र सुरुवातीस सारखीच दिसतात. म्हणून अंदाजाने गोळ्या न घेता पहिल्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ततपासणी करून घ्यावी. हिवतापाची तपासणी व औषधे तेथे विनामूल्य मिळतात.

पुढील तीन गोष्टी प्रत्येक घरी माहीत असाव्यात.

पहिली: व्हायव्हॅक्स प्रकारच्या हिवतापाचा परजीवी यकृतात दडून राहतो. त्यासाठी डॉक्टर प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस देतात. तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून त्या सोडल्यास काही आठवड्यांनी वा महिन्यांनी ताप परत येतो. गर्भवती स्त्रियांना हे औषध दिले जात नाही, म्हणून ते स्वतःच्या मनाने कुणासही देऊ नये.

दुसरी: डेंग्यूची शंका असल्यास ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांसारखी वेदनाशामके घेऊ नयेत, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. तापासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल घ्यावे आणि पेज, शहाळे, सरबत असे द्रवपदार्थ भरपूर द्यावेत. पपईच्या पानांचा रस हा उपचाराचा पर्याय नव्हे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची: डेंग्यूत ताप उतरण्याचा काळच धोक्याचा असतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसांत ताप कमी होतो, घरचे निश्चिंत होतात आणि त्याच वेळी काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागून रक्तदाब घसरतो. पोटात तीव्र वेदना, वारंवार उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, काळी शौचास, अस्वस्थता, गुंगी, हातपाय गार पडणे यांपैकी काहीही दिसल्यास रात्र आहे म्हणून सकाळची वाट पाहू नये. डेंग्यूचे चार उपप्रकार असल्याने तो पुन्हा होऊ शकतो आणि दुसऱ्या वेळी अधिक गंभीर होण्याची शक्यता असते. एकदा होऊन गेला म्हणून गाफील राहू नये.

रुग्णास पहिल्या आठवड्यात दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवावे, कारण एडिस दिवसाच चावतो.

धुरापेक्षा घरचे काम मोठे

धूरफवारणीने त्या वेळी उडत असलेले काही डास मरतात. पाण्यातील अळ्या तशाच राहतात आणि आठवड्याभरात नवे डास बाहेर पडतात. साथ आली असता धुराचा उपयोग आहे. परंतु तो नेहमीचा उपाय होऊ शकत नाही. खरा उपाय पाण्याजवळच आहे.

स्टीफेन्सी व एडिससाठी: टाकीचे झाकण घट्ट बसवावे. पिंप व रांजण आठवड्यातून एकदा घासून कोरडे करावेत. करवंट्या व विऱ्या गोळा करून जाळणात वा खतात घालाव्यात. टायर छपराखाली ठेवावेत. पन्हळीत अडकलेला पातेरा काढावा. होडीवरील कापड ताणून बांधावे म्हणजे खळगे पडणार नाहीत.

विहिरी, चिरेखाणी व फवारणीच्या हौदांसाठी: गप्पी मासे सोडावेत, आरोग्य खाते ते पुरवते. हे मासे परदेशी असल्याने नैसर्गिक ओढ्यांत व नद्यांत मात्र सोडू नयेत.

क्युलेक्ससाठी: सांडपाण्यास शोषखड्डा करावा आणि संडासाच्या टाकीच्या वायुनलिकेच्या तोंडास बारीक जाळी बांधावी.

एक जागा मात्र आपल्या धर्मग्रामांत सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. २ नोव्हेंबर या मृत भाविकांच्या स्मरणदिनी आपण दफनभूमीत जाऊन आप्तांच्या थडग्यांवर फुले ठेवतो. ती फुले सुकतात, पण फुलदाण्यांतील पाणी राहते. दफनभूमीतील फुलदाण्या हे एडिसचे आवडते ठिकाण असल्याचे अनेक देशांतील अभ्यासकांना आढळले आहे. वाटेवरच्या क्रुसासमोरील फुलदाण्यांचेही तसेच. फुलदाणीत पाण्याऐवजी ओली वाळू भरली तर फुले टिकतात आणि अळी वाढत नाही. वाळू आपल्या किनाऱ्यावरील गावांत शोधावी लागत नाही. चर्चच्या दारातील पवित्र पाण्याची भांडीही दर आठवड्यास रिकामी करून पुसावीत.

एडिस डास सहसा शे-दोनशे मीटरपलीकडे जात नाही. म्हणजेच आपणास चावणारा डास बहुतेक वेळा आपल्याच किंवा शेजारच्या आवारातील असतो. त्यामुळे एकाच घराने पाणी ओतून भागत नाही. वाडीतील प्रत्येक घराने एकाच दिवशी ते करावयास हवे. प्रत्येक वाडीने आठवड्यातील एक दिवस ठरवून घ्यावा. रविवारची मिस्सा आटोपून घरी परतल्यावर अर्धा तास परसात फिरून पाणी पाहिले, तर त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागणार नाही. मुलांना बरोबर घ्यावे. अळी शोधण्यात त्यांचे डोळे आपल्यापेक्षा तेज असतात आणि आडवी तरंगणारी कोणती व तिरकी लोंबणारी कोणती, हे ती एका दिवसात शिकतात. घरी कुणास ताप आल्यास त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्यावी आणि शेजारीही कळवावे, ही सर्वांना विनंती.